खालच्या शाळेतला चौथा तास

व्हर्ना हुडाक वर्गात शिरली की पोरं आपोआप ताठ बसायची. आवाज तिचा मोठा नव्हता, अंगकाठीही बेताचीच. पण दारापासून फळ्यापर्यंतचं अंतर ती अशी काही चालायची, की बघणाऱ्याला वाटावं, आता इथे काहीतरी घडणार. खडू उचलायची, मागे वळून एकदा सगळ्यांवरून नजर फिरवायची आणि मग म्हणायची, "हं. काल कुठे सोडलं होतं एकमेकांना?" पोरं हसायची, आणि त्या हसण्यातच वह्या उघडल्या जायच्या.

कार्व्हर्स बेंड हे गाव नदीच्या वळणावर, डोंगराच्या उतारावर वसलेलं. माथ्यावर एक सरकारी हायस्कूल, काठावर दुसरं. दोन्ही शाळांना कुठल्याशा जुन्या सेनापतींची नावं होती, पण ती पाटीपुरती. लोकांच्या तोंडी वरची शाळा आणि खालची शाळा. पोलादाचा कारखाना धडधडत होता तोवर खालची शाळा पोरांनी ओसंडून वाहायची. कारखाना थंडावला तसे ज्यांना जमलं ते उतार चढून वर राहायला गेले, ज्यांना नाही जमलं ते खाली नदीच्या धुक्यात राहिले. व्हर्ना जन्मली खाली, शिकली खालच्या शाळेत, आणि सगळं आयुष्य शिकवलं मात्र वरच्या शाळेत.

तिथली प्रगत गणिताची तुकडी तिनं स्वतःच्या हातानं उभी केलेली. आठवीत बीजगणित, मग भूमिती, मग बीजगणिताचा दुसरा भाग, मग त्रिकोणमिती आणि शेवटच्या वर्षी कॅल्क्युलस. ती आली तेव्हा गावात कॅल्क्युलस हा शब्द दातांवरच्या किटणासाठी, दातांच्या डॉक्टरकडेच काय तो ऐकू यायचा. आता तिच्या हाताखालची पोरं इंजिनियर झाली होती, एक मुलगी तर मोठ्या विद्यापीठात शिकवत होती. व्हर्नानं लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. त्या तुकडीलाच ती आपला संसार समजे.

आणि त्या वसंतात शाळा मंडळानं ठरवलं, की दोन शाळांत दोन प्रगत तुकड्या परवडत नाहीत. एकच ठेवायची. कोणती, ते ठरवण्यासाठी दोन्हींची नीट तुलना करायची. आणि ती करायची व्हर्नानं.

"मी?" तिनं विचारलं. "अहो, त्यातली एक माझीच आहे."

मंडळाचे अध्यक्ष मिस्टर फाल्बो टायरचे दुकानदार होते. हात कायम काळे आणि बोलणं कायम थेट. "दुसरं कोण आहे इथे ज्याला ते गणित कळतं? मला विचाराल तर मी दोन्हींमध्ये हवा भरून देईन. आणि व्हर्ना, खोटं तुमच्या तोंडून निघत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुमच्या त्या स्पष्टपणापायी माझ्या पोरानं नववी दोनदा केलीय."

तिनं होकार दिला, आणि घरी येताना गाडीत स्वतःशीच कबूल केलं, की आपली तुकडी वाचावी असं आपल्याला वाटतं. अगदी पोटातून वाटतं. ती गेली तर उरलेली वर्षं आपल्याला सहावीच्या पोरांना अपूर्णांक शिकवत काढायची आहेत.

तुलनेत पहिल्याच दिवशी तिच्या हाती घबाड लागलं. खालच्या शाळेच्या वाटेत मधोमध खड्डा होता. पगाराच्या नोंदींप्रमाणे बीजगणिताचा दुसरा भाग शिकवणाऱ्या शिक्षकाची जागा तिथे कधीच रद्द झाली होती. भूमिती झाली की पोरं एकदम त्रिकोणमितीच्या वर्गात. अख्खं एक वर्ष गायब! असं चालूच शकत नाही. पायऱ्या नसलेल्या जिन्यानं कुणी माडीवर जातं का?

पण पोरं माडीवर पोचलेली होती. खालच्या शाळेतली पोरं शेवटच्या परीक्षेत तिच्या पोरांच्या बरोबरीनं पास होत होती, काही तर वरचढ. व्हर्ना बराच वेळ ते निकाल बघत बसली. मग तिला वाटलं, कॉपी. दुसरं काय असणार?

शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरात बायका पिरोगी, म्हणजे सारण भरून उकडायच्या करंज्या, करायला जमल्या होत्या. ईस्टरआधीचे उपासाचे शुक्रवार चालू होते, गावाला दर आठवड्याला ढीगभर पिरोगी लागायची. लांब टेबलावर पीठ, बटाट्याचं सारण, आणि दोन्ही बाजूंनी चिमटे घेणारी बोटं. व्हर्ना मुद्दाम बर्नीस यांचिकच्या शेजारी बसली. बर्नीस तिची शाळेतली सोबतीण, आणि खालच्या शाळेच्या ऑफिसात कारकून. मुख्याध्यापक येत-जात, बर्नीस तिथेच.

"आलीस का तपासनीसबाई," बर्नीस म्हणाली. "ये, ये. हात धुतलेस ना? की तेही आम्हीच सिद्ध करून दाखवायचं?"

"बर्नीस, चेष्टा पुरे. मला एक सांग. भूमिती झाल्यावर तुमची पोरं ते मधलं वर्ष करतात कुठे?"

बर्नीसची बोटं थांबली नाहीत. "चौथ्या तासाला."

"चौथ्या तासाला शिकवायला आहे कोण?"

"हळू बोल." तिनं पिरोगीची कड जरा जास्तच जोरानं दाबली. "ती जागा रद्द झाली ना, तेव्हा वेळापत्रकाचा तो चौकोन मोकळा ठेवायला हवा होता. पण मोकळा ठेवला की मंडळाच्या ऑफिसातला संगणक विचारतो, शिक्षक कोण? आणि शिक्षक नाही म्हटलं की सगळी पोरं आपोआप साध्या गणितात ढकलली जातात. मग कसली प्रगत तुकडी आणि कसलं काय. म्हणून मी आधीचंच नाव राहू दिलं. दर उन्हाळ्यात जुनं वेळापत्रक पुढे उतरवायचं, नाव आपलं तिथेच. मी काही लिहिलं नाही व्हर्ना. खोडलं नाही, एवढंच."

"कुणाचं नाव?"

"तुला ठाऊक आहे कुणाचं."

व्हर्नाच्या हातातली पिरोगी फुटली. सारण बाहेर आलं. "मिस प्रोकोप?"

"पगार निघत नाही, तेव्हा कोण विचारतंय?"

"अगं, त्यांना आपण पुरलंय! तू आणि मी होतो तिथे. पाऊस होता, तुझा बूट चिखलात अडकला होता."

"माझा बूट बरा आठवतो तुला." बर्नीसनं पिठाचे हात एप्रनला पुसले. "पोरं त्या खोलीत जातात, बसतात. गडबड नाही, गोंधळ नाही. चाचण्या आपापसांत बदलून तपासतात, गुण मला आणून देतात. नापासाचेसुद्धा! नापास झालेलं पोर स्वतः येऊन मला सांगतं. अशी पोरं पाहिलीस कधी? मी म्हटलं, चाललंय तर चालू दे."

अगाथा प्रोकोप. व्हर्नाला बीजगणित त्यांनीच शिकवलं होतं. उंच, किडकिडीत बाई, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, तोंडात कायम खोकल्याची गोळी. शाबासकी म्हणून त्यांनी कुणाला कधी दिली नाही. वर्ग पूर्ण करायचा असला, म्हणजे अपुऱ्या राशीला चौरस बनवायचं असलं, की त्या फळ्यावर एक चौरस काढून त्याचा कोपरा रिकामा सोडत. "हा कोपरा उपाशी आहे," म्हणत. "याला घास द्या. आणि याला दिला की पलीकडच्यालाही तेवढाच द्या, नाहीतर घरात भांडण." मग उत्तर लिहिण्याआधी वाकडं बोट फळ्यावर दोनदा वाजवत. ठक ठक. म्हणजे तपासा. हे जगात दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. व्हर्नानं स्वतःही ते कधी वापरलं नव्हतं. मुद्दामच.

सोमवारी ती खालच्या शाळेत गेली. धुकं नदीवरून उठून खिडक्यांना लागलं होतं, त्यामुळे आतले दिवे सकाळीच लावलेले. मुख्याध्यापक टॉड लॅशर तरुण होता, दोन वर्षांपूर्वीच आलेला. मोठा उत्साही, कॉफीचा पेला हातात घेऊन सगळीकडे धावणारा.

"मिस हुडाक! तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. आमच्या गणिताच्या लोकांना भेटा ना. मोलनारला भेटा, तो त्रिकोणमिती आणि कॅल्क्युलस घेतो. आणि मिस प्रोकोप आहेतच."

व्हर्ना त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्ही भेटलात त्यांना?"

"खरं सांगू का," तो ओशाळून हसला, "अजून योगच आला नाही. आमच्या वेळाच जमत नाहीत. पण फार शांत बाई आहेत म्हणे. त्यांच्या वर्गाची एक तक्रार माझ्याकडे आलेली नाही आजवर. असे शिक्षक मिळायला नशीब लागतं."

त्याच्या मागे बर्नीस टंकलेखन यंत्राकडे इतकी वाकून बघत होती, की तिचं नाक अक्षरांना टेकायचं बाकी होतं.

मोलनारच्या वर्गात व्हर्ना मागच्या भिंतीशी उभी राहिली. मोलनार भला माणूस, जरा घामट. त्यानं फळ्यावर एक गणित घातलं, त्यात मधेच ते गायब वर्षातलं काम लागत होतं. व्हर्ना श्वास रोखून पाहत होती. आता अडतील. आता एकमेकांच्या वहीत बघतील.

कुणी कुणाच्या वहीत बघितलं नाही. पोरांनी पानाच्या कडेला चौरस काढले. प्रत्येकानं कोपरा सोडला. आणि उत्तर लिहिण्याआधी प्रत्येकानं, कुणी आधी कुणी नंतर, वाकडं बोट बाकावर दोनदा वाजवलं. त्या धुकट खोलीत ते आवाज पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारखे इकडून तिकडे गेले.

"हे तुम्ही शिकवलंत?" तास संपल्यावर तिनं मोलनारला विचारलं.

"ते ठकठक? छे. ती तशीच येतात माझ्याकडे. मला वाटलं, या गावाकडची काहीतरी पद्धत असेल. मी बाहेरचा ना."

दारातून बाहेर पडणाऱ्या एका मुलीला व्हर्नानं थांबवलं. रोशेल गेन्स नाव, केसांच्या बारीक वेण्या, काखेत पुस्तकांचा गठ्ठा.

"रोशेल, तो चौरस काढायला तुला कुणी शिकवलं?"

"दोन वर्षांपूर्वी केलं आम्ही, मिस. चौथ्या तासाला."

"हो, पण कुणी?"

रोशेलनं कपाळाला आठ्या घातल्या. शब्द तोंडावर आहे आणि येत नाही, अशा वेळी माणूस घालतो तशा. "आधीची मोठी मुलं सुरुवातीला येऊन बसतात आमच्यात. ती सांगतात, कसं बसायचं, वही कशी ठेवायची. मग ती जातात."

"आणि मग?"

"मग येतं हळूहळू."

"खोलीत कोणी असतं का गं? बाई असतात?"

"आम्ही नाही बघत, मिस," रोशेल म्हणाली. काही चुकीचं बोलतोय असं तिच्या चेहऱ्यावर मुळीच नव्हतं. "फळ्याकडे बघायचं असतं ना."

व्हर्नाला खरं तर तिथूनच घरी जाता आलं असतं. खड्डा होता, तो तिनं पाहिला होता. कागदावर लिहायला तेवढं पुरे होतं. वरची तुकडी वाचली असती, आणि एका अक्षराचंही खोटं झालं नसतं. पण तिचे पाय मागच्या जिन्याकडे वळले. त्या जिन्याला अजून तोच हिरवा रंग होता.

चौथ्या तासाची खोली नदीच्या बाजूची. खिडकीबाहेर बंद कारखान्याची धुराडी धुक्यात अर्धी बुडालेली. व्हर्ना आत येऊन दाराजवळ मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. घंटा झाली. पोरं आली, बसली, वह्या उघडल्या, आणि सगळं शांत झालं. पोरांची शांतता व्हर्नानं खूप पाहिली होती. भीतीची असते, कंटाळ्याची असते, काहीतरी खोडी करून बसल्याची असते. ही त्यातली नव्हती. तिसरी घंटा झाल्यावर आणि पडदा उघडण्याआधी नाट्यगृह जसं एका श्वासावर थांबतं, तशी ती होती. समोर रिकामं टेबल, रिकामी खुर्ची, पुसलेला फळा.

एक उंच मुलगा उठला. फळ्यावर एक गणित लिहिलं, खडू जागेवर ठेवला आणि येऊन बसला. पेन्सिली चालू झाल्या.

थोड्या वेळानं पहिल्या रांगेतल्या पोरांनी खांदे आत घेतले. जवळून कुणी जाताना घेतो तसे. मग दुसऱ्या रांगेतल्यांनी. एका मुलानं आपलं पान हातानं झाकलं, आणि लगेच, जणू कुणी दटावल्यासारखा, हात बाजूला केला. एक मुलगी काही कारण नसताना लाजली, रबर घेऊन एक ओळ खोडली आणि पुन्हा लिहिली. माना वर नव्हत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पण शेतातून वारा गेला की कणसं जशी ओळीनं झुकत जातात, तशी ती पोरं ओळीओळीनं झुकत होती, आणि ते झुकणं खिडकीकडून मागे येत होतं. शेवटच्या बाकापर्यंत. तिथून वळून मागच्या भिंतीकडे. तिच्याकडे.

खोकल्याच्या गोळीचा वास आला.

व्हर्नानं हात उचलून आपल्या सदऱ्याचं गळ्याशी उघडं राहिलेलं बटण लावलं. का लावलं ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. समोरची सगळी पोरं आता मागे वळली होती, आणि तिच्याकडे नव्हे, तिच्या डाव्या खांद्याच्या जरा वर बघत होती. चेहऱ्यांवर भीती नव्हती. निकाल ऐकायला थांबल्यासारखी उत्सुकता होती. तिचा निकाल.

मग पोरं एकदम पुढे वळली. फळ्याच्या बाजूनं ठक ठक असा आवाज आला. वाफेचा नळ असेल, जुन्या इमारतीत नळ वाजतात. सगळ्यांनी एकाच वेळी पेन्सिली खाली ठेवल्या.

व्हर्ना बाहेर आली तेव्हा जिन्याच्या तळाशी बर्नीस उभी होती.

"काय लिहिणार आहेस?" बर्नीसनं विचारलं. आवाजात नेहमीचा टोमणा नव्हता. "व्हर्ना, माझी नोकरी गेली तर गेली, माझं पेन्शन तोंडावर आलंय, मी म्हणीन नशीब. पण ती रोशेल. तिला विद्यापीठाचं बोलावणं आलंय. त्या तासाला शिक्षकच नव्हता असं निघालं, तर त्या तासाचे गुण बाद. तिचे, आणि तिच्याआधीच्या सगळ्यांचे. खालची पोरं खालीच."

"मला खोटं बोलता येत नाही, बर्नीस."

"तेच तर दुखणं आहे. इतक्या वर्षांत शिकून घ्यायचं होतंस."

मंडळाची सभा वरच्या शाळेच्या सभागृहात भरली. वरचे पालक झाडून आले होते. खालचे थोडेच होते, कामावरून परस्पर आलेले, मागच्या रांगेत कोट न काढता बसलेले. व्हर्ना मंचावर उभी राहिली. समोरच्या चेहऱ्यांत तिच्या जुन्या विद्यार्थ्यांचे चेहरे होते, आता आईबाप झालेले. त्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. आपल्याला कशाचा निरोप घ्यायचा आहे, ते तिला त्या टाळ्यांत कळलं.

तिनं तुलना सांगितली. वरची पुस्तकं नवी, खालची फाटकी. वर तासाला कमी पोरं, खाली दाटी. वरची वाट सरळ, आखीव.

"आणि खालची?" फाल्बोंनी विचारलं.

"कागदावर खालची वाट मधेच तुटलेली आहे. एक अख्खं वर्ष नाही." सभागृहात समाधानाची कुजबुज झाली. व्हर्नानं ती ओसरू दिली. "मी जाऊन बघितलं. पोरांना त्या वर्षातलं सगळं येतं. माझ्या पोरांपेक्षा नीट येतं. माझी पोरं पाठ करतात, खालची तपासतात."

"मग तुटलेली कशी? शिकवतं कोण?"

मागे बर्नीसनं आपली पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. रोशेल तिच्या शेजारीच बसली होती, मांडीवर हात ठेवून, शाळेत बसावं तशी. लॅशर मदतीला उठला. "मिस प्रोकोप—" त्यानं तोंड उघडलं, आणि जुन्या लोकांतल्या दोघांतिघांनी चमकून वर पाहिलं.

"ज्या शिकवतात," व्हर्ना त्याचं बोलणं तोडत मोठ्यानं म्हणाली, आणि तिचा आवाज कधी नव्हे तो शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला, "त्या आता थकल्यात. पुष्कळ वर्षं झाली त्यांना. मिस्टर लॅशर, बसा. सप्टेंबरपासून तो तास मी घेते. तुकडी एकच ठेवायची ना? मग खालची ठेवा. वरच्या पोरांना बसनं खाली आणा."

मग पहिल्या रांगेतून मिसेस आल्ब्रेख्त उठल्या. व्हर्नाची जुनी विद्यार्थिनी, आता वरच्या शाळेतल्या एका मुलीची आई.

"मिस हुडाक, ही तुकडी तुम्ही उभी केलीत! आम्ही घर घेतलं ते या शाळेसाठी. माझी कर्स्टन दोन वर्षं वाट बघतेय तुमच्या हाताखाली यायची!"

"तिला खाली पाठव," व्हर्ना म्हणाली. "मी तिथेच असेन."

"आणि तुमची वरची खोली?" फाल्बोंनी विचारलं. ते हळू बोलले, त्यांच्या मानानं फारच हळू.

"तिथे अपूर्णांक शिकवा कुणीतरी," व्हर्ना म्हणाली आणि मंचावरून उतरली. या खेपेला टाळ्या झाल्या नाहीत.

मंडळानं खालची तुकडी ठेवली, आणि उन्हाळ्यात बर्नीसनं वेळापत्रकातलं ते नाव काढलं आणि व्हर्नाचं घातलं. "दोनदा चुकलं गं," तिनं फोनवर सांगितलं. "उगाच. तुझं नाव काही एवढं अवघड नाही लिहायला."

सप्टेंबरात व्हर्ना त्या खोलीत शिरली, दारापासून फळ्यापर्यंत आपल्या चालीनं चालत गेली, खडू उचलला, वळली. वरून बसनं आलेली पोरं तिच्याकडे बघत होती. खालची पोरं तिच्या खांद्यामागे. तिनं दुर्लक्ष केलं. सवय आहे, जाईल. तिनं शिकवायला सुरुवात केली, आणि चांगलं शिकवलं. पण दुसऱ्या आठवड्यापासून वरच्या पोरांचीही नजर हळूहळू सरकायला लागली. आधी एक, मग दोन. काही दिवसांनी तिच्याकडे बघणारं कुणीच उरलं नाही. ती विनोद करायची, आणि हसू यायचं ते जरा वेळानं, कुणीतरी परवानगी दिल्यासारखं. ती फळ्याच्या डावीकडे गेली तरी माना उजवीकडेच. आपली तुकडी सोडून आपण इथे आलो कशाला, हा प्रश्न ती घरी जाताना गाडीत काच खाली करून मोठ्यानं विचारायची.

एके दिवशी, धुकं खिडकीला टेकलेलं असताना, ती फळ्यावर एक लांबलचक समीकरण सोडवत होती. कर्स्टन आल्ब्रेख्तनं हात वर केला. गोरीपान, नम्र मुलगी. अगाथा प्रोकोपचं नाव तिच्या कानावरही कधी पडलं नव्हतं. त्या बाई गेल्या तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

"मिस हुडाक," ती म्हणाली, "त्या विचारतायत, तुम्ही बसणार कधी?"

व्हर्नाच्या बोटांत खडू होता, तो तिनं घट्ट धरला. तिला वाटलं, खरंच बसावं. पुढचं कुठलंही बाक चालेल. वही उघडावी, मान खाली घालावी, आणि ज्यांचा तास आहे त्यांना घेऊ द्यावा. मोह एवढा खरा होता, की ती एक पाऊल बाकाकडे सरकली. मग तिला ती वरची खोली आठवली, आता दुसऱ्या कुणाच्या ताब्यात गेलेली. हा तास सोडला तर तिला कुठेच तास नव्हता.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "हा तास माझा आहे. मी मागून घेतलाय."

कर्स्टननं मान जराशी कलती केली. ऐकणारं माणूस करतं तशी. फार वेळ ऐकत होती ती. मग तिचा चेहरा मोकळा झाला.

"ठीक आहे म्हणाल्या. पण तिसऱ्या ओळीत अधिक नाही, उणे हवंय."

व्हर्ना फळ्याकडे वळली. तिसरी ओळ वाचली. उणेच हवं होतं. तिनं तळहातानं ती खूण पुसली, नवी काढली, खालचं सगळं दुरुस्त केलं. पाठ वर्गाकडे असतानाच तिला कळलं, की मागे माना वळताहेत. फळ्यापासून खिडकीकडे, खिडकीवरून रांगेरांगेनं शेवटापर्यंत. तिनं वळून बघितलं नाही. कोपऱ्यातलं शेवटचं बाक रिकामं असे, मोडक्या पायाचं, पोरं तिथे बसत नसत. ते बाक करकरलं. कुणी जरा जपून, पाय आखडून, कडेला बसल्यावर करकरतं तसं.

मग सगळी पोरं तिच्याकडे बघायला लागली.

"चौथी ओळ," व्हर्ना म्हणाली. "सांगा."